सलंगीवरचा केबलचा दगड

पाणी धनराजच्या हनुवटीला लागलं होतं. मी त्याच्या मागे गुडघे टेकून बसले होते आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं होतं. त्याचा उजवा पाय खाली पाण्यात अडकला होता — एका बाजूला सलंगीची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा जाडजूड दगड. तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी ज्या बांधलेल्या वाटेनं बाहेर पडतं, तिला आमच्याकडे सलंग म्हणतात. ती वाहायला लागली होती, आणि माझा मुलगा तिच्यात होता.

त्याचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

केबल कंपनीचा इंजिनिअर पोरगा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून दगड उचकटत होता. सब्बल शेवाळावरून सटकायची आणि तो पाण्यात बसायचा. पुन्हा उठायचा.

"काकू, दगड हलून नाई राहिला," तो म्हणाला. रडवेला झाला होता.

"दगड हलत नाई तं पाणी हलव," मी म्हणाले.

पुढे काय केलं ते सांगते. पण आधी आम्ही तिथे पोचलो कसे ते सांगायला हवं, कारण विचित्र आहे ते तेवढंच. बाकी सगळं नुसतं कष्टाचं काम होतं.

माझी नात मला मोबाइलवर तुमचे इथले अनुभव वाचून दाखवते. कुणाला पायऱ्यांवर पैंजण ऐकू येतात, कुणाला आरशात बाई दिसते. मला विचाराल तर निम्म्यांना रात्रीचं जेवण पचलेलं नसतं. माझी सत्तरी उलटली आहे. मसणवटीला लागून आमचं शेत आहे, तिथे मी एकटीनं गवत कापलं आहे. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, तेरा दिवस तो घरात फिरेल, घाबरू नको. मी म्हणाले, जिवंत असताना घरात थांबला नाही, आता कशाला थांबेल. थांबला नाहीच. तेव्हा मी भोळी बाई नाही, एवढं धरून पुढे वाचा. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. शब्द माझे आहेत, टाइप नातीनं केलं आहे.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीवरून आत जावं लागतं. नाव लिहीत नाही. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे, खाली सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. माझा मुलगा धनराज फायबर केबलच्या लाइनवर पेट्रोलर आहे. म्हणजे जमिनीखालून जी केबल गेली आहे तिच्यावरून रोज मोटारसायकलनं फिरायचं, कुणी खोदत असेल तर थांबवायचं, आणि तुटलीच तर सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचं. केसाएवढ्या काचेच्या तारा असतात आणि त्यातून उजेड धावतो, असं तो सांगतो. बँक, दवाखान्याचा कॉम्प्युटर, राशन दुकानातला अंगठा, मोबाइलचा टॉवर — सगळं त्या उजेडावर चालतं.

आमच्या गावाला ही केबल दोन बाजूंनी येते. एक साकोलीकडून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, दुसरी मागून जंगलाच्या रस्त्यानं. एक तुटली तर दुसरीकडून चालू राहतं, लोकांना कळतसुद्धा नाही. धनराज त्याला रिंग म्हणतो. मला समजायला वेळ लागला नाही. आमच्या खालच्या बांधीला पाणी दोन पाटांनी येतं, ते उगाच नाही.

पण मागची बाजू पुलाच्या कामात तुटून पडली होती. वरचे लोक म्हणायचे, चालू आहे ना एका बाजूनं, पाऊस उघडला की जोडू. धनराज रोज जेवताना तेच घोकायचा.

"आई, एकच बाजू राह्यली. हे बी तुटली का सारं बंद."

"मंग जोडत काहून नाईत?"

"चालू हाय म्हनतेत."

"घर जळल्यावर विहीर खोदतीन," मी म्हणायचे.

आता दगडाचं सांगते. केबल कुठून गेली ते कळावं म्हणून कंपनीनं वाटेवर ठिकठिकाणी सिमेंटचे दगड रोवले आहेत. मांडीएवढे उंच, वरचं टोक भगवं, त्याच्यावर लिहिलेलं — खाली केबल आहे, खोदू नये. लिहिलेलं कोण वाचतं? शाळेच्या मागे नाल्याजवळ केबल वर्षातून कितीदा तरी तुटायची. कधी फावडा, कधी जेसीबी, कधी पाण्याला वाट करून द्यायची म्हणून सब्बल.

एक दिवस मी तिकडून येत होते. धनराज नाल्याजवळच्या दगडाला तेल-शेंदूर लावत बसला होता.

"हे काय लावून राहिला?" मी विचारलं.

"शेंदूर."

"तो दिसते मले. कायले लावतस?"

"कंपनीच्या पाटीले कोनी भीत नाई आई. आता पाहा, कोन फावडा मारते तं."

"लोकायले फसवून राहिला तू."

"फसवून नाई. केबल वाचवून राहिलो."

आणि वाचली हो. त्या दिवसापासून तिथे कुणी खोदलं नाही. जेसीबीचे ड्रायव्हर मशीन वळवून नेत. बायका येता-जाता हात जोडत. आमची शेजारीण भागरथा — माझ्याच वयाची, देवाचं वेड भारी — तिनं त्याला तारबाबा नावसुद्धा ठेवलं. तिच्या नातवाचा ताप उतरला म्हणून नारळ फोडला. मला म्हणाली, "तू बी ये वो, जरासं डोकं टेकव." मी म्हणाले, त्याच्या पोटात लोखंडी सळई आहे, कंपनीच्या ट्रकमधून उतरवताना मी पाहिला आहे. तिनं कानावर हात ठेवले.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्या पावसाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या मागे पोरींसाठी संडास बांधायला घेतला. दगडाच्या अगदी समोर. भागरथा आणि पाच-सात बायका म्हणाल्या, देवाच्या नाकासमोर संडास नको. संडास काही हलेना, मग त्यांनी देवच हलवला. दगड उपटला, बैलबंडीत ठेवला, पुढे डफ वाजवत तलावावर नेला आणि सलंगीच्या वर मोहाच्या झाडाखाली बसवला. धनराज त्या दिवशी साकोलीला गेला होता. मी बंडीच्या आडवी उभी राहिले.

"अवं, केबलचा दगड हाय तो. जागेवरून हलवू नोका."

भागरथा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केबलचा हाय तं तुह्या पोरानं शेंदूर कायले लावला?"

मी बाजूला झाले. बंडी गेली.

संध्याकाळी धनराजला सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, रागावला नाही. एवढंच विचारलं, "सलंगीजवळ नेला का?" मी हो म्हणाले. त्यानं पुन्हा भात घेतला आणि गप्प जेवला. सकाळी पाऊस भुरभुरत होता. लाइनवर जातो म्हणून निघाला. सून माहेरी तुमसरला होती, तिला फोन करून ठेव म्हणाला. बस, तेवढंच.

त्याच दिवशी नाला खोल करायला जेसीबी येणार होता. धनराजला ते माहीत होतं, मला नव्हतं. जेसीबी यायच्या आत दगड उचलून परत नाल्यावर लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण देव उचलून नेतो म्हणून बायकांनी रान उठवलं असतं. हे सगळं नंतर कळलं.

दुपारी मी सुनेला फोन लावला तर लागेना. शेजारच्याचाही लागेना. टॉवरच गेला होता. राशन दुकानासमोर लोक अंगठा धरून उभे, दुकानदार हात हलवतो आहे. मला पहिल्यांदा हेच वाटलं, की झालं, दुसरी बाजूही तुटली. आता धनराज धावपळ करत असेल, जेवायला येणार नाही.

डबा बांधून मी ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या मागच्या खोलीत केबलची पेटी आहे. कंपनीचा इंजिनिअर साकोलीवरून येऊन पोचला होता. प्रणय नाव, नागपूरचा, चष्मा, अंगावर रेनकोट. त्याची दोन माणसं नाल्यावर खड्डा करत होते. त्यानं मला बघितलं आणि मी विचारायच्या आधी त्यानंच विचारलं,

"काकू, धनराज कोठी हाय?"

"मी तुले विचाराले आली. तुह्यासंग नाई?"

"नाई ना. केबल कापली का पहिला तोच पोचते. आज आलाच नाई."

माझ्या हातातला डबा मी टेबलावर ठेवला. धनराज आळशी नाही. नऊ वर्षांत केबल तुटली आणि तो तिथे नाही, असं झालेलं नाही.

"कोठी तुटली?" मी विचारलं.

"शाळेमागं, नाल्यावर. जेसीबीनं उचलली. ड्रायव्हर म्हनते, निशानीचा दगडच नव्हता. मी डोयानं पाहून आलो, बकेटच्या दातात लटकून होती."

मी त्याला म्हणाले, माझ्या पोराला शोधायला चल. तो म्हणाला, "दोन मिनिटं काकू, एकदा मशीन लावून घेतो. डोयानं दिसलं तरी लावाच लागते. मंग साकोली रोडनं पाहू, पावसात कोठं थांबला असन."

मीही साकोली रोडच म्हणत होते. तो दुसरीकडे कुठे जाणार? त्याची लाइन तलाव सोडला की सगळी रोडनंच जाते.

त्यानं पिवळ्या डब्यासारखी मशीन काढली. ती केबलच्या टोकातून उजेड सोडते, आणि जिथे केबल तुटली असेल तिथून तो उजेड उलटा फिरतो. त्यावरून मशीन सांगते, इथून इतक्या अंतरावर तुटली. विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल ते आवाजावरून ओळखतात, तसं. त्यानं वायर लावली, बटन दाबलं, पडद्यावर रेघ आली. त्यानं मोबाइलमधला नकाशा काढून अंतर जुळवलं.

वायर काढली, टोक स्पिरिटनं पुसलं, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केबलमधली दुसरी तार धरली. तरी तेच.

"मशीन गलत दाखवून राहिली," तो स्वतःशीच बोलला.

"काय दाखवते?"

"काही नाई काकू. कट नाल्यावर हाय. हे दूर दाखवते. नाल्याच्या पार पुढं... तलावावर. सलंगीजवळ."

"तेथी बी तुटली असन."

"असू शकते. पन दिसू शकत नाई." त्यानं चष्मा काढून पुसला. "उजेड नाल्यावरच संपला ना काकू. तुटल्या जागेच्या पुढं तो जातच नाई. पुढं काय झालं ते या मशीनले कळूच शकत नाई."

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर पाऊस वाढला होता. मी त्या पडद्याकडे बघितलं. मला त्यातलं काही वाचता येत नाही, एक रेघ सरळ जात होती आणि एका जागी कड्यावरून पडावी तशी खाली पडत होती. मला कुणाचा आवाज आला नाही. अंगावर काटा आला नाही. देवही आठवला नाही. मला आठवलं ते एवढंच — "सलंगीजवळ नेला का?" आणि नंतर तो गप्प जेवला होता.

"गाडी काढ," मी म्हणाले.

"काकू, मशीन खराब हाय—"

"मशीन खराब असन तं असो. माहा पोरगा तेथी हाय. दगड आनाले गेला तो. गाडी काढ."

"पहिले रोडनं पाहू, मंग—"

"आज तलाव सांडते, सकायपासून पाऊस हाय," मी म्हणाले. "तुले नाई यायचं तं चाबी दे, मी ढकलत नेतो."

त्यानं गाडी काढली. कोपऱ्यात त्यांची खड्डा खणायची सब्बल उभी होती, ती मी घेतली. सब्बल आडवी मांडीवर धरून मी मागे बसले. रस्त्यात भेटलेल्या माणसांना मी ओरडून सांगितलं, सलंगीवर या. कुणी हसलं, कुणी आलं नाही. धानाची रोपं रोवण्याचे दिवस, सगळं गाव तलावाच्या दुसऱ्या अंगाला चिखलात वाकलेलं. म्हणूनच सकाळपासून धनराजला कुणी बघितलं नव्हतं.

पाळीवर त्याची मोटारसायकल उभी होती. मोहाखालचा दगड नव्हता. नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीच्या काड्या आणि तिथून सलंगीकडे उतरत गेलेला चिखलातला घसरा. मी खाली डोकावले.

त्यानं दगड उचलून गाडीवर बांधायला नेला होता. ओल्या पाळीवरून पाय सटकला, दगड आणि तो दोघंही सलंगीत गेले. दगड पायावर बसला. तेव्हा सलंग कोरडी होती. त्यानं खिशातून मोबाइल काढून मला फोन लावला, इंजिनिअरला लावला. रेंज होती, पण इकडे घंटी वाजायच्या आत गेली; हे नंतर त्याच्याकडून कळलं. तेवढ्यात नाल्यावर जेसीबीनं केबल उचलली होती. तो दगड नाल्यावर असता तर केबल तुटली नसती, आणि फोन लागला असता. असो. मग तलाव भरला आणि सलंग वाहू लागली.

म्हणजे आता आपण पुन्हा तिथे आलो, जिथून मी सुरुवात केली.

दगड हलत नाही तर पाणी हलव, असं मी म्हणाले. इंजिनिअरला कळलं नाही. शहरात कुणी सलंग बुजवत नाही. आमच्याकडे बुजवतात. बांधीला जास्त दिवस पाणी मिळावं म्हणून सलंगीच्या तोंडात गवत-चिखल कोंबून तलावाचं पाणी अडवतात. चोरूनच करतात, कारण पाळ फुटायची भीती असते. मी लहानपणी बापासोबत केलं आहे.

"त्याचं डोकं धर," मी म्हणाले. त्यानं धरलं. मी वर चढले. गुडघे गेले आहेत माझे, तरी चढले. पाळीवर भागरथाच्या पऱ्ह्यांच्या जुड्या ठेवल्या होत्या, रोवायला काढलेली धानाची रोपं. त्या खाली लोटायला लागले. पण पाणी जुड्या घेऊन जायचं. अडायला काहीतरी आडवं हवं होतं. समोर इंजिनिअरची मोटारसायकल उभी होती.

मी ती ढकलली. सलंगीच्या तोंडात आडवी जाऊन बसली, जणू त्या मापानंच केली होती.

"काकू, गाडी कंपनीची हाय," तो खालून म्हणाला. त्याचा दोष नाही, माणूस अशा वेळी काहीही बोलतो.

"कंपनीले सांग, बुढीनं टाकली. तुहा रेनकोट फेक वर."

रेनकोट गाडीवर पसरला, त्याच्यावर जुड्या, त्याच्यावर हातानं चिखल. पुन्हा जुड्या, पुन्हा चिखल. पाणी थांबलं नाही, पण बारीक झालं. खाली धनराजच्या हनुवटीवरून गळ्याला आलं, गळ्यावरून छातीला. तो खोकला. तो आवाज ऐकून मी आणखी चिखल मारला.

मग मी खाली उतरले. आता दगडाचा पाया दिसत होता. सब्बल कुठे लावायची ते दिसत होतं. मी टोक धरलं, इंजिनिअरनं अंग टाकलं. दगड एकदा हलला आणि परत बसला, तेव्हा धनराज ओरडला. मी म्हणाले, ओरडतोय म्हणजे चांगलं आहे, पुन्हा टाक अंग. दुसऱ्यांदा दगड कलंडला. मी धनराजच्या बगलेत हात घातले आणि ओढलं. आम्ही त्याला काठावर घेतलं आणि थोड्या वेळानं मागे आवाज झाला. गाडी, रेनकोट, जुड्या सगळं पाण्यासोबत खाली गेलं.

तोवर रोवणाऱ्या बाया-माणसं धावत आली होती. बाजेवर घालून त्याला नाल्यापर्यंत नेलं, तिथे खड्डा करणाऱ्यांची कंपनीची जीप उभी होती, तिनं साकोलीला, पुढे भंडाऱ्याला.

गावातली गोष्ट इथे संपते. माझी नाही.

काही दिवसांनी इंजिनिअर घरी आला. चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकू, एक सांगू का?"

"त्यासाठीच आला ना. सांग."

त्यानं सांगितलं की नाल्यावरची केबल जोडल्यावर त्यानं त्याच मशीननं, त्याच खोलीतून पुन्हा तपासलं. लाइन साफ. सलंगीजवळ केबलला ओरखडासुद्धा नाही. मशीन तपासायला पाठवली, ती ठीक निघाली. एवढ्यावरही तो गप्प बसला असता. पण त्या दुपारी साकोलीच्या ऑफिसातूनही त्याच्या सोबत्यानं दुसऱ्या टोकानं मशीन लावून बघितली होती. तिकडून उजेड आधी सलंगीपाशी येतो आणि मग नाल्यावर. सलंगीपाशी केबल धड होती, म्हणजे तो तिथून पुढे जाऊन नाल्यावर थांबायला हवा.

"आनि?" मी विचारलं.

"त्याले बी सलंगच दिसली. दोन्ही बाजूनं एकच जागा." तो कपातल्या चहाकडे बघत होता. "मी कोनाले नाई सांगितलं काकू. नोकरीत विचारतीन, दारू पेला होता का."

माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी खूप विचार केला आहे. मशीन चुकली म्हणावं तर दोन मशीन एकच चूक करतील का? आणि चुकायला त्यांना नेमकी तीच जागा बरी सापडली.

भागरथाकडे उत्तर आहे. पऱ्ह्यांच्या जुड्यांबद्दल चार शब्द ऐकवायला आली होती, ते ऐकवून झाल्यावर म्हणाली, "तारबाबानंच दाखवलं."

"तुह्या तारबाबानंच पाय दाबला होता त्याचा," मी म्हणाले.

"दाबला नाई. धरून ठेवला. नाई तं पान्यानं नेला असता तो खाली."

  मी तिला हो म्हणालेली नाही, आणि म्हणणार नाही.

मी दोन कामं केली. दगड सलंगीतून काढून परत नाल्यावर आणवला आणि बुडाशी सिमेंट ओतताना स्वतः उभी राहिले. बायकांना सांगितलं, शेंदूर लावा, नारळ फोडा, काय वाट्टेल ते करा, पण हा आता हलणार नाही, आणि याला हलवायला येईल तिची गाठ माझ्याशी आहे. दुसरं म्हणजे साकोलीच्या ऑफिसात जाऊन बसले. मागच्या बाजूची केबल जोडत नाही तोवर उठणार नाही म्हणाले. साहेब म्हणाला, आजी, पाऊस उघडू द्या. मी म्हणाले, पाऊस माझ्या पोराच्या गळ्यापर्यंत आला होता, तेव्हा कुणी उघडायची वाट बघितली नाही. रोज पहिल्या एसटीनं जायचे, भाकर बांधून न्यायची, त्यांच्या दारात बसून खायची. कंटाळून जोडली त्यांनी. आता गावाला पुन्हा दोन्ही बाजू आहेत.

तुमच्यापैकी कुणी या कामातला असेल आणि उजेड तुटलेल्या जागेच्या पुढे कसा गेला हे सांगू शकत असेल, तर सांगा. देवाचं नाव घेऊन सांगू नका, ते माझ्या घराशेजारीच मिळतं.

धनराजचा पाय राहिला. लंगडतो, पण लाइनवर जातो. इंजिनिअरची बदली झाली, दिवाळीला त्याचा फोन येतो. मी ही इथे ओसरीवर बसून नातीला सांगते आहे. त्या दुपारी सलंगीत आम्ही तिघं होतो, आणि तिघंही जिवंत आहोत.